टकलावर स्टेम सेल : खरंच काही होतं की नुसतंच पॅकेज?

कपाळमोक्ष

मंडळी, पाल्हाळ न लावता मुद्द्यावर येतो. वय ३४. दोन्ही बाजूंनी कपाळ मागे सरकतंय आणि भोवऱ्यापाशी टाळू दिसायला लागली आहे. वडील, काका, मामा, सगळ्यांचं हेच झालं, त्यामुळे वारसाहक्काबद्दल वाद नाही.

ठाण्यातल्या एका क्लिनिकात जाऊन आलो. तिथे डॉक्टरांच्या आधी 'हेअर काउन्सेलर' भेटते. तिने एक छोटा कॅमेरा डोक्यावर टेकवला आणि माझी टाळू टीव्हीवर दाखवली. एवढी मोठी करून दाखवली की कुणाचंही डोकं ओसाड वाटावं. मग पॅकेज : 'ॲडव्हान्स्ड स्टेम सेल हेअर रिजनरेशन', सहा सिटिंग, ८५ हजार, नो कॉस्ट ईएमआय, आजच बुक केलं तर एक सिटिंग फुकट. शिवाय 'मेलेली मुळंसुद्धा स्टेम सेलने जिवंत होतात, सर' हे वाक्य दोनदा.

आजच बुक करा म्हटल्यावर मी सवयीने उठलो. पण डोक्यातून विषय जाईना. स्टेम सेल म्हणजे ज्यांतून नव्या पेशी बनतात त्या मूलपेशी, एवढं माहीत आहे. पण त्यांनी केस येतात हे शास्त्र आहे की थाप? कुणी करून घेतलंय का? इथे डॉक्टर आणि संशोधक मंडळी आहेत, त्यांनी जरूर लिहावं. तेल, कांद्याचा रस आणि जास्वंद सुचवणाऱ्यांना आधीच नमस्कार.

खडूस_काका

टक्कल पडलं की माणूस पैसेवाला होतो, असं आमची आजी म्हणायची. ८५ हजार दिलेत तर टक्कल राहील आणि पैसे जातील. हलकं घ्या.

पाचवी_गल्ली

माझ्या मेव्हण्याने असंच पॅकेज घेतलं होतं (क्लिनिक वेगळं, पुण्यातलं). एका सिटिंगला मी सोबत होतो म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. दंडाला पट्टा बांधून चार नळ्या रक्त काढलं. नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या. खाली लाल थर, वर पिवळसर पाणी. ते पिवळं पाणी बारीक सुईच्या सिरिंजमध्ये भरून डोक्यावर बोटभर अंतराने टोचत गेले. आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, तरी गडी खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. बिलावर 'स्टेम सेल थेरपी'. यात स्टेम सेल नेमक्या कुठल्या नळीत होत्या ते मला आजतागायत कळलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

सूक्ष्मदर्शक

कुठल्याच नळीत नव्हत्या. तुम्ही पाहिलंत ते पीआरपी, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला रक्तद्रव. त्यातलीच थोडी सुधारलेली आवृत्ती जीएफसी नावाने विकतात. दोन्हींत प्लेटलेटमधून निघणारी वाढीला चालना देणारी द्रव्यं असतात, स्टेम सेल नसतात.

दंडातून काढलेल्या रक्तात रक्ताच्या स्टेम सेल असतात, पण नगण्य. ल्युकेमियाच्या रुग्णाला दान करण्यासाठी त्या गोळा करायच्या तर दात्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं देऊन त्या अस्थिमज्जेतून रक्तात आणाव्या लागतात, मग काही तास मशीनला जोडून रक्त गाळावं लागतं. चार नळ्यांत आणि दहा मिनिटांच्या सेंट्रिफ्यूजमध्ये ते होत नाही. आणि समजा झालं, तरी त्या पेशी रक्त बनवतात, केस नाही.

आता धागाकर्त्याचा मूळ प्रश्न. मी केसांवर काम करत नाही, पण पेशी वाढवणं हाच पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केसाच्या मुळाला स्वतःच्या स्टेम सेल असतात. मुळाच्या मधल्या भागात, तेलग्रंथीच्या खाली एक फुगवटा असतो, त्यात त्या राहतात हे १९९० मध्ये कोत्सारेलिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. साहजिकच सगळ्यांना वाटलं की टक्कल म्हणजे या पेशी संपणं. २०११ मध्ये त्याच कोत्सारेलिस यांच्या गटाने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे तपासलं. हेअर ट्रान्सप्लांट करून घेणाऱ्या पुरुषांच्या डोक्यावरचे तुकडे घेतले, एकाच माणसाचा टकलाचा भाग आणि केसांचा भाग. निघालं ते उलटंच : टकलाच्या भागातही स्टेम सेल जवळपास तेवढ्याच होत्या. कमी झाल्या होत्या त्या पुढच्या टप्प्यातल्या पेशी, ज्या प्रत्यक्ष केस बांधायला घेतात.

म्हणजे नाक्यावर मजूर रोजच्यासारखे उभे आहेत, पण मुकादमच येत नाही. हा मुकादम म्हणजे मुळाच्या तळाशी असलेला डर्मल पॅपिला, पेशींचा एक बारीक गोळा. तोच संदेश देतो, तोच केस किती जाड होणार ते ठरवतो. आनुवंशिक टकलात टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे हार्मोन नेमकं इथे काम करतं. दर फेरीला मूळ लहान, केस बारीक, शेवटी नुसती लव. 'मेलेली मुळं' हा शब्दप्रयोग म्हणूनच चुकीचा आहे. बराच काळ ती मेलेली नसतात, आक्रसलेली असतात.

तेव्हा डोक्यात वरून आणखी स्टेम सेल टोचून काय साधणार, हा प्रश्न त्या काउन्सेलर बाईंना विचाराच.

कपाळमोक्ष

जबरदस्त. मुकादम पटला. पण मग मुकादमच बाहेर वाढवून आत का सोडत नाहीत?

सूक्ष्मदर्शक

तेच करायला गेली चाळीस वर्षं लोक धडपडतायत. १९८४ मध्ये जहोदा आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मिशीच्या मुळातल्या पॅपिलाच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवून परत त्वचेत घातल्या आणि केस उगवले. १९९९ मध्ये तर याच जहोदांनी स्वतःच्या डोक्यावरच्या मुळाचं खालचं आवरण काढून दिलं, ते त्यांच्या पत्नी आणि सहसंशोधक रेनॉल्ड्स यांच्या हातावर बसवलं, आणि तिथे केस आले. परक्या माणसाचं असूनही शरीराने ते नाकारलं नाही. 'नेचर'मध्ये छापून आलेलं आहे, व्हॉट्सॲप नाही.

तेव्हापासून 'पाच वर्षांत टक्कल संपणार' हे दर पाच वर्षांनी ऐकू येतं. अडलं कुठे? माणसाच्या पॅपिला पेशी सपाट बशीत वाढवल्या की दोन-चार पिढ्यांत केस उगवायला लावायचा गुण विसरतात. दिसायला ठणठणीत असतात, संख्येने वाढतात, पण काम विसरलेल्या. ही चीड आणणारी गोष्ट आहे, कारण एका माणसाच्या डोक्यावर हजारो मुळं उभी करायला कोट्यवधी पेशी लागतात आणि नेमकं वाढवतानाच त्या बिघडतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या क्रिस्टियानो यांनी जहोदांबरोबर एक युक्ती केली : झाकणाला उलट्या लोंबणाऱ्या थेंबात पेशी वाढवल्या, म्हणजे त्या आपोआप गोळा करून राहतात. सुंता करताना काढलेल्या नवजात मुलांच्या त्वचेत हे गोळे घातले, ती त्वचा उंदरांच्या पाठीवर लावली. सात दात्यांपैकी पाच जणांच्या पेशींनी केस उगवले. हरवलेला गुण थोडासाच परत आला होता, पण आला.

केस उगवला तरी संपत नाही. तो योग्य कोनात, योग्य दिशेला यायला हवा, काही वर्षं वाढून गळायला हवा आणि त्याच जागी परत यायला हवा. यातली एक गोष्ट चुकली तरी लोक पैसे परत मागतील.

मँचेस्टरची इंटरसायटेक्स आणि विगवाल्या अडेरान्सची संशोधन शाखा, दोघांनी यात बक्कळ पैसा ओतला. माणसांवर चाचण्याही केल्या. दोघांनीही गाशा गुंडाळला.

आशावादी_अण्णा

सूक्ष्मदर्शक, माहिती उत्तम पण सूर फार नकारात्मक वाटला. जपानच्या यामानाकांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं ते उगाच का? साध्या त्वचेच्या पेशीला मागे नेऊन काहीही बनवता येतं. २०२० मध्ये प्रयोगशाळेत अशा पेशींपासून केसांसकट त्वचा बनवली, मी स्वतः फोटो पाहिलेत. दहा वर्षांपूर्वी एमआरएनए लसही स्वप्नरंजन वाटायची.

सूक्ष्मदर्शक

अण्णा, ते काम खरं आहे आणि देखणं आहे. कोएलर यांच्या गटाचं. पण त्या त्वचेच्या गोळ्याला केस यायला चार-पाच महिने लागले, तेही बशीत, गर्भाच्या त्वचेसारखे. शिवाय काहीही बनू शकणारी पेशी गाठही बनू शकते. एकही तशी पेशी उरू न देता डोक्यात घालायचं, आणि तेही जिवावर न बेतणाऱ्या तक्रारीसाठी, म्हणजे सुरक्षेची अट कॅन्सरच्या उपचारापेक्षा कडक हवी. मी शास्त्राबद्दल नकारात्मक नाही. ठाण्यातल्या पॅकेजबद्दल आहे.

तोक्योत_तूर्तास

जपानची बाजू लिहितो. इथे खरोखरचं पेशी-उपचाराचं काम झालंय. शिसेइदो कंपनी आणि तोक्योतली विद्यापीठ रुग्णालयं मिळून डोक्याच्या मागच्या भागातला त्वचेचा छोटा तुकडा काढतात, मुळाच्या तळाच्या वाटीसारख्या भागातल्या पेशी वाढवतात आणि विरळ जागी टोचतात. २०२० मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली, ६५ स्त्री-पुरुष. प्रत्येकाच्या डोक्यावर चार जागा : तीन वेगवेगळ्या मात्रा आणि एका जागी नुसतं पाणी म्हणू या. सहा आणि नऊ महिन्यांनी फरक दिसला तो सगळ्यात कमी मात्रेच्या जागी. जास्त मात्रेच्या जागी नाही! आणि फरकही मोजयंत्राला दिसणारा, आरशाला कितपत दिसेल शंका आहे.

दुसरी गोष्ट. 'जपानमध्ये मान्यता आहे' हे वाक्य भारतातल्या जाहिरातीत दिसलं तर सावध व्हा. इथे २०१४ पासून पेशी वापरून शरीराचे भाग पुन्हा घडवणाऱ्या (रिजनरेटिव्ह) उपचारांच्या सुरक्षेचा वेगळा कायदा लागू आहे. क्लिनिकने आराखडा समितीपुढे ठेवून सादर केला की उपचार देता येतो. त्यात उपचार परिणामकारक आहे हे आधी सिद्ध करावं लागत नाही. त्यामुळे इथेही भरमसाट पैसे घेणारी दुकानं आहेत.

लॉ_च्या_मारी

वकिली पिंक टाकतो. आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं अगदी स्पष्ट आहेत : रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक कारणांसाठी होणारं अस्थिमज्जा/रक्त स्टेम सेल प्रत्यारोपण सोडलं, तर इतर कुठलाही स्टेम सेल वापर हा प्रयोग समजला जातो. तो मंजूर चाचणीतच व्हायला हवा आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे ८५ हजार मागितले तिथेच एक गोष्ट नक्की झाली : एकतर ती स्टेम सेल नाही, किंवा आहे आणि नियमबाह्य आहे. काउन्सेलरला कुठलीही बाजू निवडू द्या.

चाचणी आहे असं म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. ती नोंदणी सार्वजनिक असते, घरबसल्या तपासता येते.

अवांतर : औषध नियमांच्या 'शेड्यूल जे'मध्ये अशा आजारांची यादी आहे की जे बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही. त्यात टक्कल आहे आणि 'नवीन केस उगवणे'ही वेगळं लिहिलेलं आहे. आता लोकलच्या डब्यातल्या जाहिराती आठवा.

खडूस_काका

म्हणजे डब्यातला प्रत्येक 'गंजेपन से मुक्ती'वाला गुन्हेगार? आमचा प्रवासच संपेल वाचायला काही नसेल तर.

गुळगुळीत_नव्हे_आता

इथे सगळे तुटून पडलेत म्हणून माझा अनुभव. मी असंच पॅकेज घेतलं, वर्ष होत आलं. मला फरक आहे. भोवरा भरलाय, न्हावीसुद्धा म्हणाला. तेव्हा सरसकट फसवणूक म्हणू नये.

डॉक्टरीणबाई

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकला. गुळगुळीत, तुमचा फरक खरा असेल यावर माझा विश्वास आहे. एकच विचारते : पॅकेजबरोबर घरी लावायचं, घ्यायचं काही दिलं होतं का?

गुळगुळीत_नव्हे_आता

हो, होमकेअर किट. रात्री लावायचा एक स्प्रे आणि रोज एक गोळी. गोळीच्या पाकिटावर फिनास्टेराइड १ एमजी, स्प्रेवर मिनॉक्सिडिल ५ टक्के.

पाचवी_गल्ली

=))

डॉक्टरीणबाई

हसू नका, त्यांचे केस आलेत हे महत्त्वाचं.

पण बघा, त्या किटमधल्या दोन गोष्टी याच टकलावरच्या सगळ्यात जास्त तपासलेल्या औषधांपैकी आहेत. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. रुग्णांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले, त्यातून डोक्यावर लावायचं औषध निघालं. अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता. फिनास्टेराइड १९९७ मध्ये. ते डीएचटी बनणंच कमी करतं, म्हणजे मुकादमावरचा दबाव काढतं. औषधाच्या दुकानात दोन्हींचा महिन्याचा खर्च काही शेकड्यांत बसतो. पॅकेजमध्ये काम हे करतात आणि श्रेय सुई घेते.

पीआरपीबद्दल मी इतकी कडवट नाही. काही चाचण्यांत घनता वाढलेली दिसते, पण प्रत्येकाची पद्धत, फेऱ्या, प्लेटलेटचं प्रमाण वेगळं, त्यामुळे ठाम बोलता येत नाही. औषधांना जोड म्हणून, पीआरपी हेच नाव सांगून, वाजवी पैशात कुणी देत असेल तर माझी हरकत नाही. नाव बदलून चौपट पैसे घेण्याला आहे.

एक्सोसोमचा नवा खेळ मात्र जास्त काळजीचा आहे. पावडरची कुपी, त्यात पेशींनी सोडलेले सूक्ष्म कण असल्याचा दावा. कधी नाळेच्या पेशींचे, कधी चक्क गुलाबाच्या. अशा काही कुप्यांवर 'फक्त बाह्य वापरासाठी' छापलेलं असतं आणि ती टोचली जाते. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियंत्रण संस्थेने) २०१९ मध्येच एक्सोसोमबद्दल जाहीर इशारा दिलाय. सफरचंदाच्या स्टेम सेलवाल्या सीरमबद्दल काय बोलू, बाटली छान असते.

भांग_रुंदावला

डॉक्टर, बायकांचं काय? बाळंतपणानंतर मुठीने केस जातायत. मलाही जीएफसी सांगितलंय.

डॉक्टरीणबाई

थांबा, सुई टोचून घेऊ नका. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात आणि बहुतेकींचे आपोआप सावरतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा. इथे पॅकेज विकणाऱ्याचं फावतं, कारण सहा महिन्यांत केस तसेही येणार असतात. भांग हळूहळू वर्षानुवर्षं रुंदावत असेल तर ते वेगळं, त्यासाठी दाखवायला या. आणि अंगावर पाजत असाल तर मनाने काही सुरू करू नका.

गोल चकती गेली असेल तर ती चाई, हा तिसराच आजार. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उठते. तिच्या गंभीर प्रकारासाठी बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या २०२२ पासून मान्य झाल्यात. तिथे खरी क्रांती झाली, पण गाजावाजा स्टेम सेलचाच.

वऱ्हाडची_लेक

कारण आधी शोधा हे शंभर टक्के. आमच्या शेगाव तालुक्यात २०२५ च्या जानेवारीत बोंडगाव, कालवड, हिंगणा इकडे पटापट लोकांचे केस गेले ते आठवतंय का? तीन-चार दिवसांत चमनगोटा. 'टक्कल व्हायरस' म्हणून चॅनेलवाल्यांनी धिंगाणा घातला, लग्नाची स्थळं परत जायला लागली. आयसीएमआरची टीम आली. पाणी, माती, रक्त सगळं तपासलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या गडबडीतही तेल विकणारे गावात फिरून गेलेच.

आशावादी_अण्णा

मान्य, पॅकेज नको. पण पुढे काय येतंय तेही सांगा की कुणीतरी. सगळं बंदच पडलंय का?

सूक्ष्मदर्शक

नाही. मला स्वतःला पेशी टोचण्यापेक्षा आहेत त्याच स्टेम सेलना उठवण्याचा मार्ग जास्त खरा वाटतो. २०१७ मध्ये यूसीएलएच्या (लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) गटाने दाखवलं की या पेशी साखरेपासून लॅक्टेट बनवायला लागल्या की जाग्या होतात. त्यावरून बनवलेलं पीपी४०५ नावाचं लावायचं जेल सध्या माणसांवरच्या चाचण्यांत आहे. २०२५ मध्ये कंपनीने सुरुवातीचे आकडे उत्साहवर्धक म्हणून जाहीर केले, पण माणसं ७८, आणि आकडे कंपनीचेच. मोठी चाचणी होईपर्यंत मी टाळ्या राखून ठेवल्यात. कुणी आत्ताच 'पीपी४०५' विकायला आलं तर पळा.

कपाळमोक्ष

सगळ्यांचे आभार. त्या काउन्सेलरला व्हॉट्सॲपवर दोन प्रश्न पाठवले : स्टेम सेल कुठून काढणार, आणि सीटीआरआय क्रमांक काय. निळ्या टिका आल्या, उत्तराऐवजी 'सर, तुमच्यासाठी ५५ हजार करू' असं आलं.

डॉक्टरीणबाई, फिनास्टेराइडबद्दल नेटवर भयंकर वाचलं. घ्यावं का?

डॉक्टरीणबाई

नेटवर नाही, समोर बसून ठरवा. थोड्या पुरुषांना कामेच्छा किंवा ताठरतेची तक्रार होते, गोळी थांबवल्यावर बहुतेकांची जाते, पण बंद केल्यावरही राहिल्याच्या नोंदी आहेत. नैराश्याचा इतिहास असेल तर आधी सांगा. मूल हवं असेल तर तेही बोला. गोळी चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान नाही. फुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळायची नाही. पुढे पन्नाशीत पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) तपासाल तेव्हा डॉक्टरांना सांगा, कारण आकडा साधारण निम्मा दिसतो.

मिनॉक्सिडिल सुरू केलं की पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, तेव्हा घाबरून सोडू नका. फळ दिसायला सहा महिने. आणि दोन्ही बंद केली की मिळालेलं हळूहळू जातं, हे आधीच सांगून ठेवते. भोवऱ्याला चांगलं काम करतात, कपाळाच्या कोपऱ्यांना कमी. कोपरे फारच उघडे पडले तर हेअर ट्रान्सप्लांट, तेही गळती आटोक्यात आल्यावर.

भोवरा_भिंगरी

मी पण मिनॉक्सिडिल सुरू करतोय, फक्त घरात मांजर आहे आणि ती उशीवरच झोपते. चालेल ना?

डॉक्टरीणबाई

नाही चालणार! बरं झालं विचारलंत. मांजरांना मिनॉक्सिडिल फार विषारी, थोडंसं चाटलं तरी जिवावर बेततं. लावल्यावर पूर्ण सुकू द्या, हात साबणाने धुवा, उशीचा अभ्रा रोज बदला, बाटली आणि पुसलेला कापूस तिच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा. खरं तर मांजर तुमच्या डोक्याजवळ झोपणं सोडणार नसेल तर लावायच्या औषधाचा विचारच सोडा, दुसरं काय देता येईल ते तुमच्या डॉक्टरांशी बोला.

खडूस_काका

मांजर उशी सोडणार नाही. गोळीचं बघा.